तायडे सिस्टरचं कॉकटेल

परवा आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकीनं विचारलं, "तायडे सिस्टरच्या त्या लाल शरबताची रेसिपी कोणाकडे आहे का? आवळीभोजनाला करावं म्हणते." खाली लगेच सात-आठ जणींचे हात जोडलेले. कुणी लिहिलं, "मिस यू सिस्टर." कुणी लिहिलं, "काय चव होती हो त्यांच्या हाताला!" मी चहा पीत होते, तो कप खाली ठेवला. म्हटलं, वा गं बायांनो! त्या हाताची चव तुमच्या जिभेला कधीपासून गोड लागायला लागली?

रेसिपी माझ्याकडे आहे आणि मी ती देणारही आहे. पण ती ग्रुपवरच्या चार ओळींत मावत नाही, आणि अर्धी देणं म्हणजे खोटं बोलणं. खोटं मी त्या बाबतीत आधीच पुष्कळ बोललेली आहे. म्हणून इथं लिहिते.

शशिकला तायडे. लोणारच्या आसपासच्या खेड्यांत त्यांनी नर्स म्हणून जन्म घालवला. नवरा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता, तो लवकर गेला. एक मुलगी, ती नागपूरला. गेल्या वर्षी गुडघ्यांनी फारच छळलं तेव्हा सिस्टरही तिकडेच गेल्या. त्यांचं माहेर वरवट बकालचं, त्यामुळे बोलणं अस्सल वऱ्हाडी. आमची लोणारकडची भाषा जालन्याच्या वळणाची. सिस्टर मात्र "मले", "तुमाले", "काऊन" असं ठणठणीत बोलत, आणि तिकडच्या बायांसारखं स्वतःबद्दल "मी जातो, मी आणतो" म्हणत. एकदा पुण्याला कसल्याशा ट्रेनिंगला गेल्या होत्या. तिथल्या बाई हसून म्हणाल्या, "सिस्टर, जरा शुद्ध बोलायचा प्रयत्न करा, पेशंटवर चांगलं इम्प्रेशन पडतं." सिस्टर उभ्या राहिल्या. "मॅडम, आमच्याकडे बाईले कळा आल्या की थे शुद्ध नाही वरडत. तिले समजन असंच बोला लागते." आणि बसल्या. ट्रेनिंग संपेपर्यंत मग कुणी त्यांच्या भाषेचं नाव काढलं नाही.

नोकरीत असेपर्यंत पांढरी साडी. रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पोपटी नेसून भाजी आणायला निघाल्या तेव्हा अख्खी कॉलनी फाटकाशी आली. "इतकी वर्षं पांढरं नेसलं," त्या रस्त्यातूनच ओरडल्या, "आता मरेस्तोवर पांढरं नाही!" बोलणं सगळं असंच, रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाणारं. हळू बोलायची सवयच नव्हती. कुणी कुजबुजायला लागलं की त्या मुद्दाम मोठ्यानं म्हणत, "काय झालं? सांगा ना! लपवलं की चिघळते." जखमेबद्दल म्हणायचं वाक्य त्या सुनांच्या भांडणालाही लावत आणि ग्रामपंचायतीच्या कारभारालाही.

त्यांच्या घरी चहाचे कप एकासारखा एक नव्हते. एकावर गुलाब, एकावर मोर, एकाचा कान तुटलेला, एक चक्क लहान मुलांचा, त्यावर हत्ती. मी जवळच्याच शाळेत शिकवायची, संध्याकाळी परतताना त्यांच्याकडे चहाला टेकायची. एकदा सहज म्हटलं, "सिस्टर, एक सेट घेऊन टाका ना चांगला."

"सेटच आहे हा," त्या म्हणाल्या. "एकेक घरून एकेक आणलेला."

मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. खेड्यात लसी द्यायला गेलं की काही घरांत चहा मिळे, पण कप वेगळा. ओट्याच्या कोनाड्यात, नाहीतर खिडकीच्या कडेला उपडा ठेवलेला. त्यात वरून चहा ओतायचे. प्यायचा, आपणच विसळायचा, परत तिथंच ठेवायचा. "मी प्यालो. विसळला. आन् पिशवीत टाकला. घरवाली म्हणे, अहो सिस्टर, कप! म्या म्हटलं, हा माह्यासाठीच ठेवला ना? दुसरं कोणी पीत नाही ना याच्यातून? मंग माहाच झाला. नेतो."

मी हसून हसून बेजार झाले. हसता हसता हातातला कप पाहिला, तर माझ्याकडे मोराचा होता. "काय काळ होता नाही?" मी म्हणाले. "आता बाकी असलं काही राहिलं नाही." सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत. ती बाई काही बोलली नाही याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता. मी शिकलेली, शिकवणारी, आणि अक्कल पाहा माझी.

कारण त्याच सुमाराला कॉलनीच्या महिला मंडळाची यादी माझ्याच अक्षरात लिहिली जात होती. आमच्याकडे कार्तिकात आवळीभोजन असतं. शेजारच्या पाटील काकूंच्या अंगणात जुनी आवळी आहे. सकाळी तिची पूजा, दुपारी तिच्याच सावलीत पंगत. प्रत्येक घरानं एकेक पदार्थ करून आणायचा. काकू मंडळाच्या अध्यक्ष, मी सेक्रेटरी. कोणी काय आणायचं ते मी वहीत लिहायची आणि घरोघरी सांगून यायची. सिस्टर बौद्ध, त्या पूजेला बसत नसत, जेवणाच्या वेळी येत. पंगतीत सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून बसत, चार जणींना हसवत, पुरणपोळी मागून घेत. काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमच्यात बाई भेदभाव नाही काही."

आता लाल कॉकटेलचं. भाचीच्या लग्नाला सिस्टर अकोल्याला गेल्या होत्या. मोठा हॉल, आणि एका बाजूला काउंटर. बो लावलेला एक जण बाटल्या हवेत उडवून रंगीत पाणी ग्लासात ओतत होता. सिस्टर तिथं अडकल्या. "याच्यात काय हाये?"

"मॅडम, ब्लू सिरप."

"ते ठीक, पण कायचं?"

"ब्लूचं, मॅडम."

"निळं कोणत्या झाडाले लागते बे?"

हा किस्सा त्या इतक्या वेळा सांगत की शेवटचं वाक्य आम्ही सगळ्या एकदम म्हणायचो. पण तिथून त्या एक गोष्ट घेऊन आल्या. ग्लासच्या काठाला मीठ लावतात, वर फळाची चकती खोचतात, आणि देणारा माणूस ताठ उभा राहून देतो. "देणं असं पाह्यजे," त्या म्हणाल्या. "आपण आपल्या अंबाडीले कधी असा मान दिला?"

मग दिवाळी झाली की माहेरी जाऊन भावाच्या शेतातली अंबाडीची लाल बोंडं दोन थैल्या भरून आणायच्या. शेगावला बस बदलताना संत्री घ्यायची. बोंडाच्या पाकळ्या सोडवून, धुऊन, दुप्पट पाण्यात मंद उकळायच्या. ठेचलेलं आलं, दोन लवंगा, बोटभर दालचिनी. रंग पुरता उतरला की गॅस बंद, आणि मगच गूळ. गार झालं की गाळून आवळ्याचा रस आणि चवीला मीठ. संत्र्याचा रस मात्र अगदी देताना, कारण संत्र्याला आच लागली की ते कडू होतं. ग्लासच्या काठाला भाजलेलं जिरं, सैंधव आणि नावापुरतं तिखट. आंबट, गोड, तिखट, सगळं एका घोटात, आणि मागून आल्याची झणझण. कुणी "शरबत" म्हटलं की त्या चिडत. "शरबत नाही. कॉकटेल म्हना. माहं कॉकटेल."

एका कार्तिकात मी नेहमीप्रमाणे वही घेऊन त्यांच्या दारात गेले. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "मॅडम, यंदा मी प्यायचं आणतो. कॉकटेल. पंगतीले पुरन इतकं."

मी "बरं" म्हटलं आणि तशीच काकूंकडे गेले. काकूंनी चष्मा काढून पुसला. काकू वाईट बाई नव्हेत, हे मला आजही लिहावंसं वाटतं आणि लिहिताना रागही येतो. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, आपलं काही नाही. पण पूजेचा दिवस, म्हाताऱ्या बायका येतात. कुणी घेतलं नाही तर सिस्टरलाच वाईट वाटेल ना? प्यायला ताक ठरलंय म्हणून सांग. त्या आपल्या नेहमीचं आणतील."

आणि मी सांगायला गेले! गेले की नाही? पायांनी चालत गेले. "सिस्टर, प्यायला ताक ठरलंय हो. तुम्ही नेहमीचंच आणा."

त्या बोंडं निवडत होत्या. हात थांबले नाहीत. "नेहमीचं म्हणजे काय, मॅडम?"

"म्हणजे... ते आपलं..."

"वही हाये ना हातात? वाचा. मागच्या सालचं वाचा."

मी पान उलटलं. "तायडे सिस्टर. पत्रावळ्या आणि द्रोण."

"त्याच्या आंधीचं?"

"पत्रावळ्या आणि ग्लास."

"वाचत राहा."

मी वाचत राहिले. अकरा वर्षांची वही होती ती. अकरा वर्षं कुणाच्या नावापुढे पुरणपोळी, कुणाच्या नावापुढे वांग्याची भाजी, खीर, कढी, वडे. आणि त्यांच्या नावापुढे पत्रावळ्या, ग्लास, सतरंजी, एका वर्षी मीठ, तेही बंद पुडीचं. माझंच अक्षर. चांगलं वळणदार, शाळेत फळ्यावर लिहिते तसं. मी कधी मुद्दाम ठरवून लिहिलं नव्हतं, मागच्या वर्षीची यादी समोर ठेवून उतरवून काढत होते, इतकंच. सातव्या वर्षालाच मी वही मिटायला गेले. पण त्यांनी अकराही वाचून घेतली.

"तुमाले आत्ता कळलं," त्या म्हणाल्या. "मले पयल्या सालीच कळलं होतं. दुसऱ्या साली वाटलं, चुकून झालं असन. तिसऱ्या साली म्या पाह्यलं, तुमच्या पोराले ताप आला तं तुमी माह्याच हातचं औषध पाजलं. या कॉलनीतल्या सगळ्या लेकरांच्या तोंडात पोलिओचे थेंब याच हातानं पडले. थेंब चालले. थेंबाले काय, सरकारी होते ना थे!" आणि बोंडाची टोपली माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "लिहा. तायडे सिस्टर, कॉकटेल. लिहा मॅडम, हात भरून आला का?"

मी लिहिलं. पण काकूंना दाखवायची हिंमत झाली नाही. भित्री! दुसरा शब्द नाही.

आवळीभोजनाला सिस्टर गुलाबी साडी नेसून आल्या. स्टीलची मोठी टाकी रिक्षातून उतरवून घेतली, अंगणाच्या मधोमध आपलंच टेबल मांडलं, ग्लासच्या काठांना मीठ-जिरं लावलं, संत्र्याच्या चकत्या खोचल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "या! तायडे सिस्टरचं कॉकटेल!"

"अगं बाई," काकू दचकल्या, "म्हणजे दारू?"

"दारू असती तं तुमच्या घरचे गडी आतापावतर रांगेत नसते का? अंबाडी हाये काकू. संत्रं, आवळा, गूळ. सगळं शाकाहारी, सगळं गावरान."

बायका हसल्या. हसल्या आणि जागेवर बसून राहिल्या. कुणी म्हणालं, घसा धरलाय. कुणी म्हणालं, आंबट सोसत नाही. एकीनं नुसताच पदर सारखा केला. ताकाचं पातेलं मात्र फिरत होतं, आणि माझ्याही हातात ताकाचा ग्लास होता. मी उठायला हवं होतं. टेबल माझ्यापासून दहा पावलांवर होतं. मी उठले नाही, कारण सगळ्या बसलेल्या होत्या.

सिस्टरनी पहिला ग्लास स्वतः घेतला. उभ्यानं, सगळ्यांकडे पाहत, सावकाश प्यायल्या. रिकामा ग्लास टेबलावर ठेवला. मग बाहेर उभ्या रिक्षावाल्याला हाक मारली, "गजू, धर ही टाकी. स्टँडावर घे." काकू म्हणाल्या, "अहो सिस्टर, जेवून तरी जा." सिस्टर फाटकातून वळल्या. "पत्रावळी कोणी आणल्या यंदा?" यंदा पत्रावळ्या आणायला कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या लक्षातच आलं नाही. भरलेल्या पातेल्यांभोवती सगळी कॉलनी हात धुऊन बसली होती, आणि वाढायला काही नव्हतं.

कुणाच्या घरून ताटल्या आल्या, कुणाच्या घरून वाट्या. मी अर्ध्यातून उठून स्टँडावर गेले. तिथं काय सांगू, जत्रा भरली होती! सिस्टरच्या नवऱ्याच्या ओळखीचे सगळे ड्रायव्हर-कंडक्टर, मेहकरच्या गाडीतल्या बाया, सरोवर पाहायला आलेली कॉलेजची पोरं. सिस्टर ताठ उभ्या राहून एकेकाच्या हातात ग्लास देत होत्या. जालन्याच्या गाडीचा ड्रायव्हर गाडी सुरू ठेवून दुसरा ग्लास मागत होता. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, काहीतरी बोलणार होते.

"रांगेत या, मॅडम," त्या म्हणाल्या.

मी रांगेत उभी राहिले, एका कंडक्टरच्या मागे. माझा नंबर आला तेव्हा टाकी वाकडी करूनही ग्लास भरेना. "संपलं," सिस्टर म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, दयाही नव्हती. "पुढच्या साली या."

पुढच्या साली त्यांनी आपल्याच अंगणात कार्यक्रम ठेवला. फाटकावर पुठ्ठा लावला: "सर्वांना आमंत्रण. प्रत्येकानं घरून काहीतरी शिजवून आणायचं. सगळ्यांनी सगळ्यांचं खायचं." खाली यादी होती, त्यांच्या गिचमिड अक्षरात. एसटीवाले, भाजीवाली, दवाखान्यातल्या पोरी, कॉलनीतल्या दोन सुना. माझंही नाव होतं. पुढे लिहिलं होतं, पत्रावळ्या. मी मुकाट्यानं पत्रावळ्या नेल्या. दुसऱ्या वर्षीही पत्रावळ्याच. तिसऱ्या वर्षी मला भाजी मिळाली. ती मी इतक्या भीत भीत केली की तिखट घालायचंच राहिलं. सिस्टरनी खाल्ली आणि म्हणाल्या, "दवाखान्यातल्या पेशंटले बरी आहे."

इकडे काकूंच्या आवळीखाली गर्दी विरळ होत गेली. सुना सिस्टरकडे पळत, म्हाताऱ्या थकल्या. सिस्टर नागपूरला जाणार हे ठरलं त्या कार्तिकात काकू स्वतः चालत त्यांच्या घरी आल्या. मी तिथंच होते. सिस्टरनी त्यांना चहा दिला, हत्तीच्या कपात. काकूंनी प्यायला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

"सिस्टर," काकू म्हणाल्या, "यंदा सगळ्यांनी एकत्रच करू. आवळीखाली. तुम्ही ते तुमचं... कॉकटेल आणा."

"आणत नाही," सिस्टर म्हणाल्या.

काकूंचा चेहरा उतरला.

"येतो. पण आणत नाही. तिथंच करतो. तुमच्या गॅसवर, तुमच्या पातेल्यात."

काकूंनी कप खाली ठेवला. "स्वयंपाकघर लहान आहे हो माझं. दोघी मावत नाहीत तिथं."

"मंग तुमी बाहेर बसा."

मला वाटलं, आता संपलं. पण काकू उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "सकाळी लवकर या. नऊला पूजा असते."

त्या सकाळी सिस्टर बोंडांची टोपली काखोटीला मारून, दुखरे गुडघे एकेक उचलत काकूंच्या ओसरीची पायरी चढल्या. ओसरी ओलांडली, माजघर ओलांडलं. मी संत्र्याची पिशवी घेऊन मागे. काकूंनी ओट्याखालून एक जुनं काळपट पातेलं काढून दिलं. सिस्टरनी त्यावर बोट वाजवलं. "हे ॲल्युमिनियम. आंबट याच्यात शिजत नाही, कळकते. थे द्या." वरच्या फळीवर घासूनपुसून ठेवलेलं कल्हईचं मोठं पातेलं होतं, नैवेद्याच्या खिरीचं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी पिशवीतली संत्री काढायला लागले. काकूच स्टुलावर चढल्या आणि ते दोन्ही हातांनी खाली घेतलं.

पाणी लाल झालं तशी घरभर वास सुटला. दारात सुना गोळा झाल्या. सिस्टर कुणाला आलं ठेचायला लावत होत्या, कुणाला गूळ किसायला, "काकू, गाळणी" म्हणत होत्या आणि काकू देत होत्या. गार झाल्यावर त्यांनी डाव बुडवून आधी स्वतःच्या तळहातावर थेंब घेतले, चाटले, मग डाव काकूंपुढे धरला. काकूंचा हात पुढे यायला वेळ लागला, पण आला. त्यांनी चाखलं.

"मीठ कमी आहे," काकू म्हणाल्या.

"मंग द्या मीठ. डबा कुठं राह्यते मले काय माहीत? अठरा वर्षं झाले शेजारी राहून, तुमच्या स्वयंपाकघरात आज पयल्यांदा आलो."

काकूंनी डबा उघडून पुढे केला, आणि सिस्टरनी आतला चमचा काढून बाजूला ठेवला आणि सरळ डब्यात हात घातला.